आरशाला टांगलेलं हेल्मेट

४ एप्रिल, शुक्रवार

सामान आलं. हेल्मेट, त्याला पुढे तारेची जाळी, बाजूंना कानांची झाकणं. हातमोजे. पुढे लोखंडी वाटी बसवलेले बूट. आणि रजईसारखी जाड पँट. तिच्या आत लांब लांब धागे असतात. झाडं कापायच्या मशीनची चेन चुकून मांडीला लागली तर धागे बाहेर येऊन चेनमध्ये गुंततात आणि चेन जागच्या जागी थांबते. शास्त्रशुद्ध आहे. सगळं डबल मागवलं, माझ्यासाठी आणि खारसाठी. खार म्हणजे आमचा झाडावर चढणारा माणूस. त्याचं खरं नाव मलाही आठवावं लागतं.

कोणी म्हणेल, हे आधीच का नाही आणलं? त्याला माझं उत्तर तयार आहे. आम्हा दोघा भावांचा झाडं तोडायचा धंदा, हेल्मेटं आधीपासून होती. एक माझं, एक दादाचं. त्या दिवशी माझं माझ्या डोक्यावर होतं. दादाचं टेम्पोच्या आरशाला टांगलेलं होतं, आणि दादा झाडाखाली उभा होता. म्हणजे विषय स्पष्ट आहे.

मी अजून रडलेलो नाही. घरात एक तरी माणूस खंबीर लागतो.

निश्चय: सोमवारपासून पूर्ण सामान अंगावर असल्याशिवाय मशीनला हात लावायचा नाही. मी नाही, कोणीच नाही.

५ एप्रिल, शनिवार

वहिनींकडे जाऊन आलो. दादाचं हेल्मेट फ्रिजवर ठेवलंय, वर रुमाल घातलाय. मोरीबाहेर कपड्यांचा ढीग. एरवी वहिनींच्या घरात एक मोजा इकडचा तिकडे नसतो.

वहिनींनी मध्येच विचारलं, भाऊजी, हेल्मेट घातलं असतं तर वाचले असते का हो हे? म्हटलं, शंभर टक्के. अशा वेळी माणसाला ठाम उत्तर लागतं. गुळमुळीत बोललं की मनात कुरतडत राहतं. त्यांनी मान हलवली. पटलं असावं. कोणाच्या तरी उपयोगी पडलो याचं समाधान वाटलं.

पाठीवर उजव्या बाजूला काळानिळा डाग आहे. दादाच्या बांबूचा. आमची पद्धत अशी होती: मी मशीन चालवायची, दादाने मागे उभं राहून वर बघायचं. मशीन चालू असली की हाका ऐकू येत नाहीत, म्हणून त्याच्या हातात लांब बांबू. एकदा टोचलं की थांब. दोनदा टोचलं की मशीन टाक आणि मागच्या वाटेने सूट. त्या दिवशी दोनदा टोचलं. चांगलं जोरात. ही म्हणाली, तेल लावून देते. म्हटलं, राहू दे, आपोआप जाईल.

७ एप्रिल, सोमवार. सकाळी

कामाआधी छोटंसं भाषण केलं. सगळ्यांनी लक्ष देऊन ऐकलं. सगळे म्हणजे खार आणि ड्रायव्हर. म्हटलं, साइटवर आल्यापासून जाईपर्यंत हेल्मेट डोक्यावर. ड्रायव्हर म्हणाला, साहेब, मी टेम्पोतून उतरतच नाही, वर पत्रा आहे. म्हटलं, नियम म्हणजे नियम. त्याने हेल्मेट घातलं, जाळी खाली ओढली आणि दोनदा हॉर्न वाजवला. थट्टा करायची होती बहुतेक. दुर्लक्ष केलं.

खारने पँट उलटीसुलटी करून बघितली. म्हणाला, यात बाळ गुंडाळायचं की काय? म्हटलं, घाल. म्हणाला, ही जमिनीवर उभं राहून मशीन चालवणाऱ्यासाठी आहे, दोराला लोंबकळणाऱ्याचा गुडघा वाकायला नको का? म्हटलं, होईल सवय. दोन फांद्या चढला, उतरला, पँट काढून टेम्पोत फेकली. खारचा शिस्तीला विरोध आहे. लक्षात ठेवायचं.

सोमवार, संध्याकाळी

मी मात्र दिवसभर सगळं अंगावर ठेवलं. बूट काढले तेव्हा आतून पाणी निघालं. जेवणानंतर डोळ्यांपुढे अंधारी आली. ड्रायव्हरने घाबरून तांब्याभर पाणी मारलं, ते सगळं हेल्मेटवरून ओघळून त्याच्याच पायावर गेलं. हेल्मेट किती चांगलं आहे याचा हा पुरावाच म्हणायचा. एकूण पहिला दिवस यशस्वी.

खारने विचारलं, वर बघायला कोण? बांबू टेम्पोतच पडून आहे. म्हटलं, एवढं सामान असल्यावर मागे माणूस कशाला? तो म्हणाला, सामान वर बघतं का? प्रत्येक गोष्टीला उत्तर द्यायलाच हवं असं नाही.

८ एप्रिल, मंगळवार

आज पँट नाही. कारण: हिने धुतली. तिला सांगितलं होतं, इतकी जाड वस्तू एका रात्रीत वाळत नाही. ओली घालून कोण जाणार? उद्यापासून नक्की.

९ एप्रिल, बुधवार

पँट वाळली. पण आज काम भिंतीवर आलेल्या फांद्या छाटायचं. मशीन कमरेच्या खाली येतच नाही. अशा कामाला पँट वापरणं म्हणजे उगाच झीज.

उजव्या बुटातली लोखंडी वाटी अंगठ्यावर बसते. अर्धा दिवस सोसलं. पाय दुखत असेल तर लक्ष पायाकडे जातं, आणि लक्ष विचलित होणं हेच अपघाताचं मूळ. म्हणून जुने बूट घातले. विचार करून घेतलेला निर्णय आहे, आळस नाही.

११ एप्रिल, शुक्रवार

कानांच्या झाकणांबद्दल मत बदललं. लाकूड तुटायच्या आधी बोलतं. आधी बारीक करकर, मग मोठा आवाज. दादा हे नेहमी सांगायचा. झाकणं लावली तर करकर ऐकूच येणार नाही. म्हणजे न लावणं हीच खरी सुरक्षा.

झाकणं काढून घरी आणली. संध्याकाळी वरच्या मजल्यावरच्या काकू भेटायला आल्या. चेहऱ्यावरूनच कळलं, दादाचा विषय काढणार. झाकणं लावून खुर्चीत बसलो. हिने काकूंना सांगितलं, यांचे कान दुखतात. काकूंचे ओठ बराच वेळ हलत होते. फार उपयोगी वस्तू आहे.

हातमोजे हिने ओट्याजवळ ठेवलेत. गरम पातेलं उतरवायला बरे पडतात म्हणाली.

१२ एप्रिल, शनिवार

वहिनींकडे. ढीग वाढलाय. वहिनींच्या अंगावरची साडी मागच्या वेळचीच. दुःखात माणसाला आळस येतो. ही मागे थांबली आणि दोन बादल्या कपडे धुऊन आली.

वहिनींनी आज विचारलं, फांदी किती जाड होती? म्हटलं, मांडीएवढी. आणि तरी हेल्मेटने वाचले असते? म्हटलं, वहिनी, कंपनीने टेस्ट करूनच बाजारात आणलेलं असतं. मग हेल्मेटच्या आतली रचना नीट समजावून दिली. बाहेरचं कवच मार घेतं, आतला पट्टा तो डोकंभर पसरवतो. पट्ट्याचं सांगताना त्या उठून आत गेल्या. ही मला कोपराने ढोसत होती. का ते कळलं नाही.

दादा असता तर त्याला चार गोष्टी सुनावल्या असत्या. इतकी वर्षं या कामात, आणि हेल्मेट आरशाला! मला म्हणायचा, वर बघायला लागलं की ते मागे सरकतं, हाताने धरून ठेवावं लागतं, मग बांबू कुठल्या हातात धरू? सबबी. माणसाने ठरवलं की सगळं जमतं.

१४ एप्रिल, सोमवार

कारखान्याच्या मॅनेजरचा फोन. ते झाड. म्हणजे त्या दिवसाचं झाड. बुंध्यात खाच घेऊन अर्धवट सोडलेलं आहे. तेव्हाच खारने चारी बाजूंनी दोर बांधून ठेवले होते. मॅनेजर म्हणाला, तुमच्या घरचं समजू शकतो, पण माझी माणसं त्या बाजूला सायकली लावायला घाबरतात, वारा सुटला तर काय करू? म्हटलं, पूर्ण तयारीनिशी येणार आहे. तो म्हणाला, तयारी किती दिवस चालते हो?

ठरलं. रविवारी जायचं. मी एकटाच. सगळं सामान अंगावर. दादाला दाखवून द्यायचं की हे असं करतात.

१५ एप्रिल, मंगळवार

किरकोळ गोष्ट. ओंडके पाडताना मशीनचं टोक लाकडाच्या गाठीला लागलं आणि मशीन उलटी उसळली. पँट फाटली, गुडघ्याच्या वर. म्हणजे साधी पँट. रजईवाली घरी होती. कातडीला नुसता ओरखडा. ती पँट जुनीच होती, कापड विरलं होतं.

ड्रायव्हरने हेल्मेट काढून हातात घेतलं आणि म्हणाला, साहेब, मी टेम्पोत बसून हेल्मेट घालतो आणि तुम्ही... मी मशीन पुसायला घेतली.

रजईवाली पँट बघितली तर हिने ती गॅलरीच्या दाराखाली लावलीय. धूळ येत नाही म्हणे.

१७ एप्रिल, गुरुवार

खारला कामावरून काढलं.

झालं असं. नवीन साइट, शेंड्याला वाळलेलं बरंच. मी म्हटलं, वेळ नाही, खालून खाच घेऊ, खार, तू हेल्मेट घाल. तो म्हणाला, आधी वरचं वाळकं उतरवतो. म्हटलं, हेल्मेट कशासाठी आणलंय मग? इथे तो भडकला. म्हणाला, सामान शेवटी येतं. आधी वर बघायचं, जे पडेलसं वाटतं ते आधी पाडायचं, मागे पळायची वाट साफ करायची, मागे माणूस उभा करायचा. हे सगळं करून झालं की मग रजई बांधा नाहीतर लंगोट बांधा!

म्हटलं, दादाने हेल्मेट घातलं असतं तर आज ही वेळ आली नसती.

तो म्हणाला, फांदी दादांच्या पाठीवर पडली. पाठीवर! तुम्ही वळून बघत होता, मी दोर धरून समोरून बघत होतो. डोक्याला खरचटलंसुद्धा नव्हतं. हेल्मेट काय पाठीला बांधणार होता?

रस्त्यावरचे लोक बघायला लागले. म्हटलं, उद्यापासून येऊ नकोस. त्याने दोर गुंडाळले, टेम्पोत नीट ठेवले, सायकलवर बसून गेला. अशा तोंडाळ माणसाबरोबर सुरक्षित काम होऊच शकत नाही. मनावरचं ओझं उतरलं.

वारा नव्हता तरी भुसा डोळ्यांत फार गेला आज.

१८ एप्रिल, शुक्रवार

खारचं हिला सांगितलं. वाटलं, माझी बाजू घेईल. हिने भाजी चिरता चिरता विचारलं, हेल्मेट आरशाला का होतं, माहीत आहे का तुम्हाला? म्हटलं, निष्काळजीपणा, दुसरं काय? दादा पहिल्यापासून तसाच.

ही म्हणाली, वहिनींनी आदल्या संध्याकाळी आतला पट्टा धुतला होता. घामाचा वास यायचा म्हणून. सकाळपर्यंत वाळला नाही. वहिनीच म्हणाल्या होत्या, ओला कपाळाला लागेल, थोडा वेळ उन्हात टांगा. म्हणून दादांनी टांगलं. त्या दिवसापासून त्या बाईने एक चिंधी पाण्यात बुडवलेली नाही. आणि तुम्ही दर शनिवारी जाऊन शंभर टक्के, शंभर टक्के करून येता.

म्हटलं, मला हे आधी का नाही सांगितलंस? ती म्हणाली, कानाला झाकणं कोणी लावली होती?

असो. यात अवघड काही नाही. वहिनींना जाऊन सांगायचं की फांदी पाठीवर पडली, पट्ट्याचा काही संबंध नाही. एका वाक्याचं काम. उद्या शनिवार आहेच.

१९ एप्रिल, शनिवार

वहिनींकडे गेलो. शेजारीण बसलेली. परक्या माणसासमोर असं बोलता येत नाही. ती उठेना. मोरीतला नळ गळत होता, तो दुरुस्त करून दिला. शेजारीण गेली तोवर हात काळे झाले होते, आणि काळ्या हातांनी असा विषय काढणं बरं दिसत नाही.

वहिनी म्हणाल्या, नळाला वापर नाही फारसा, कशाला त्रास घेतलात? आज त्यांनी हेल्मेटचं काही विचारलं नाही. म्हणजे सावरत असाव्यात. सावरत असतील तर मुद्दाम जखम उकरायची का, याचाही विचार व्हायला हवा.

ही दारात वाट बघत होती. सांगितलंत? म्हटलं, नळ दुरुस्त केला.

२० एप्रिल, रविवार

ठरल्याप्रमाणे कारखान्यात गेलो. एकटा. गॅलरीच्या दाराखालून पँट काढली, ओट्यावरून हातमोजे घेतले, ते बूट घातले, झाकणं, जाळी, सगळं. वॉचमनने सलाम ठोकला. कुठलातरी मोठा अधिकारी समजला असेल.

झाडाखाली उभा राहिलो. भुसा अजून तसाच आहे, फक्त काळा पडलाय. खाच बघितली. खाच चांगली घेतली होती मी. मग वर बघितलं. हेल्मेट मागे सरकलं. पुढे ओढलं, पुन्हा वर बघितलं, पुन्हा सरकलं. एका हाताने धरून बघितलं. मशीनला दोन हात लागतात. जाळीतून आकाशाचे बारीक बारीक चौकोन दिसतात, वाळकं कुठलं आणि ओलं कुठलं ते कळत नाही. जाळी वर केली. झाकणं काढली. मागे कोणी नव्हतं तरी पाठ आखडून उभा होतो, आता टोचेल, आता टोचेल असं वाटून.

परत आलो. वारा होता. म्हणजे पानं हलत होती. काही पानं.

२२ एप्रिल, मंगळवार

सांगायचा सराव करतोय, मोरीत, नळ सोडून. आधी म्हणायचं, वहिनी, एक गोष्ट स्पष्ट करायची आहे. मग पाठीचं. मग म्हणायचं, पट्टा ओला असो की कोरडा, काही फरक पडला नसता. इथपर्यंत छान जमतं.

मग त्या विचारतील, मग कशाने वाचले असते? हे त्या विचारणारच. तिथून पुढे अडकतो.

आधी वाळकी फांदी उतरवायला हवी होती, असं खारचं म्हणणं. त्या दिवशी वेळ नव्हता. वेळ नव्हता हे सगळ्यांना मान्य होतं. दादाने वर बोट दाखवलं होतं, पण बोट दाखवणं म्हणजे हरकत घेणं नव्हे. मी म्हटलं, लगेच होईल. त्यावर तो काही बोलला नाही, बांबू उचलला आणि मागे जाऊन उभा राहिला. न बोलणं म्हणजे मान्यच.

हेल्मेटचं असतं तर किती सोपं होतं. एक वस्तू, एक आरसा.

२४ एप्रिल, गुरुवार

हिला म्हटलं, पाठ बघ जरा. म्हणाली, गेला की डाग. म्हटलं, नीट बघ, उजवीकडे, खांद्याच्या खाली. तिने ट्यूबखाली उभं केलं, चष्मा लावला. म्हणाली, काही नाही हो, साफ गेलाय. म्हटलं, दाबून बघ, दुखतं का बघू. तिने दाबलं. दुखलं नाही. म्हटलं, अजून जोरात. ती थांबली आणि तसाच हात ठेवून उभी राहिली.

ट्यूब जुनी झाली आहे. उजेड नीट पडत नाही. बदलायला हवी.

२५ एप्रिल, शुक्रवार

खारशिवाय दोन कामं हातची गेली. बाजारात चढणारी माणसं पुष्कळ आहेत. एकजण आला होता बघायला. त्याने आधी विचारलं, खाली वर बघायला कोण असतं? म्हटलं, सामान आहे. तो म्हणाला, कळवतो. कळवलं नाही.

निश्चय: उद्या सांगायचं. पाऊस पडो, शेजारीण असो, नळ फुटो.

२६ एप्रिल, शनिवार

सांगितलं.

शेजारीण नव्हती. नळ गळत नव्हता. ही मुद्दाम बाहेरच्या खोलीत बसून राहिली, म्हणजे मला पळता येऊ नये. वहिनी तांदूळ निवडत होत्या. म्हटलं, वहिनी, एक गोष्ट स्पष्ट करायची आहे. फांदी दादाच्या पाठीवर पडली. डोक्याला काही लागलं नव्हतं. पट्टा ओला असो की कोरडा, काही फरक पडला नसता. मोरीत जसं म्हणायचो तसंच, फक्त आवाज बारीक आला.

त्या ताटाकडे बघत राहिल्या. बोट तांदळात तसंच. म्हणाल्या, नक्की? म्हटलं, मी बघितलंय. म्हणाल्या, मग मला शंभर टक्के का सांगत होतात? म्हटलं, माझा तसा समज झाला होता. त्या म्हणाल्या, बघितलं होतंत ना तुम्ही?

मग तो प्रश्न आलाच. भाऊजी, मग कशाने वाचले असते?

फ्रिजकडे बघितलं. म्हटलं, ती फांदी आधी उतरवली असती तर. म्हणाल्या, किती वेळ लागतो त्याला? म्हटलं, अर्धा दिवस. मग का नाही उतरवली? म्हटलं, वेळ नव्हता.

त्या हं म्हणाल्या. नुसतं हं. ताट बाजूला ठेवलं, फ्रिजवरून हेल्मेट काढलं, कोपऱ्यातली बादली घेतली आणि मोरीत गेल्या. नळ सुटल्याचा आवाज आला. मग कपडे आपटल्याचा. बराच वेळ येत राहिला. मध्ये मध्ये रडण्यासारखाही आवाज येत होता, पण नळ मोठा सोडला होता.

चहा विचारला नाही. घाईत असाव्यात.

२८ एप्रिल, सोमवार

सकाळी कारखान्यातून फोन. मॅनेजर म्हणाला, तुमची माणसं आली आहेत, तुम्ही कुठे? मी कोणाला पाठवलं नव्हतं. गेलो तर खार शेंड्यावर, ड्रायव्हर खाली दोर धरून. ड्रायव्हरच्या डोक्यावर हेल्मेट. खारला म्हटलं, तुला काढलं होतं ना? तो वरूनच म्हणाला, वहिनींनी फोन केला. धंद्यात दादांच्या जागी आता त्या. त्या म्हणाल्या, मशीन तू चालव, भाऊजींना वर बघायला उभं कर.

म्हटलं, मशीन मी चालवतो, पहिल्यापासून. तो म्हणाला, पहिल्यापासून, हो.

खारने आधी सगळं वाळकं उतरवलं. एकेक फांदी दोराला बांधून, हळू. मग खाली येऊन मागे जायची वाट मोकळी केली, उतरवलेल्या फांद्या हलवल्या. अर्धा दिवस गेला. नुसता अर्धा दिवस. मॅनेजर मध्ये दोनदा येऊन चहा देऊन गेला.

मग खारने रजईवाली पँट मागितली. त्याची त्याने शिस्तीला विरोध म्हणून टेम्पोत फेकली होती, तीच. झटकून घातली. म्हणाला, आता जमिनीवर आहे ना मी.

माझ्यासाठी वहिनींनी दादाचं हेल्मेट पाठवलं होतं. पट्टा काल संध्याकाळी पुन्हा धुतलेला. रात्रभरात वाळला नव्हता. ओला पट्टा कपाळाला लागतो. अगदी थोड्या वेळासाठी म्हणून आरशाला अडकवलं.

बांबू घेऊन मागे उभा राहिलो. खारने मशीन सुरू करायला दोरी ओढली, माझ्याकडे बघितलं, मशीन बंद केली. चालत टेम्पोपर्यंत गेला, आरशावरून हेल्मेट काढून आणलं आणि माझ्या डोक्यावर बसवलं.

पट्टा गार लागला. वर बघितलं. हेल्मेट मागे सरकलं. एका हाताने ते धरलं, एका हाताने बांबू. असंच उभं राहावं लागतं. खरंच दुसरा काही इलाज नाही.

झाड सरळ पडलं. टोचायची वेळ आली नाही.